पाव इंची भिंग

जोतीराम पोळ कुठल्याही गोष्टीकडं एकदम बघत नसे. विकायला आणलेला बैल दाखवला, तर तो आधी गोठा बघायचा, मग दावं, मग दावं धरणाऱ्याचे पाय आणि सगळ्यात शेवटी बैल. पुतणीसाठी स्थळ बघायला गेला आणि परत आल्यावर मनुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं, "नवरा कसा हाय?" तर म्हणाला, "घराच्या उजव्या अंगाला आड हाय. त्याला कठडा न्हाई."

दहिवडीपासून तीन कोसांवरच्या त्या माळरानातल्या गावात ह्यावर फार हसणं व्हायचं. "जोत्याला लाडू दिला तर आधी ताट चाटंल," असं पारावरचा म्हातारा भाऊसो म्हणायचा. पण ही खोड जोतीरामला जन्माची नव्हती. लागली ती सेहेचाळीस सालच्या फाल्गुनात, आणि ज्या दोन बायकांमुळं लागली त्या ह्यावर कधी हसल्या नाहीत.

जोतीराम लढाईवरून आला तो पंचेचाळीसच्या दिवाळीत. डाव्या हाताची दोन बोटं तिकडंच ठेवून, आणि वळकटीत गुंडाळलेली एक पितळी दुर्बीण घेऊन. दुर्बीण पलटणीची नव्हती. इटलीतल्या एका खेड्यात, छप्पर उडालेल्या शाळेत ती सापडली होती. टेहळणीची जागा त्या शाळेतच होती, म्हणून दुर्बीणही टेहळणीला लागली. शाळेत आता पोरंही नव्हती आणि मास्तरही नव्हता, तेव्हा परत कुणाला देणार?

गावातून लढाईवर दोघं गेले होते. जोतीराम आणि आकाराम. एकाच दिवशी साताऱ्याला जाऊन छाती मोजून आले, एकाच बोटीतून गेले, एकाच ताटात जेवले. एप्रिलात एका नदीवर आकाराम पडला. जोतीरामनं ते दुर्बिणीतून स्वतः पाहिलं. पाण्यानं त्याला नेलं, मढं मिळालं नाही, आणि घरी कागद आला त्यावर शब्द होता 'बेपत्ता'. जोतीराम तोवर दवाखान्यात पोचला होता. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

दिवाळीत तो वेशीशी उतरला, तेव्हा आकारामची आई हरणाबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो त्याच्यावरून ओवाळून टाकला आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडं बघत म्हणाली, "आका मागनं येतोय न्हवं?"

"मी दवाखान्यात हुतो, काकी," जोतीराम म्हणाला.

हे खोटं नव्हतं. तेवढंच एक वाक्य त्याच्यापाशी होतं, आणि तो ते सांभाळून वापरायचा. आकारामची बायको बनुबाई, वय विशीचं, सासूच्या मागं उभी होती. कपाळावर आडवं, रुपयाएवढं कुंकू. जोतीरामनं त्या कुंकवाकडं बघितलं आणि वाक्य आणखी एकदा म्हटलं. "मी दवाखान्यात हुतो."

हरणाबाईला म्हसवडच्या बाजारातल्या एका जोश्यानं सांगितलं होतं, मुलाला साडेसाती आहे. शनी मिथुनेतून हलला की पोरगा दारात. कधी हलेल? तर उन्हाळा सरता सरता. म्हातारीनं ते पदराच्या गाठीला बांधलं. दर शनिवारी मारुतीला तेल, उडीद, रुईची माळ. मग शनिवारचा उपास सगळ्या आठवड्यात पसरला. संक्रांतीपासून तिनं अन्नच सोडलं. मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दूध. "तो हललाच न्हाई तर मी कशाला हलू?" म्हणायची.

त्याच संक्रांतीच्या संध्याकाळी जोतीरामनं खळ्यावर कळकाची तिकटी उभी करून दुर्बीण बांधली आणि गावाला चंद्र दाखवला. बायकांनी वाणाची ताटं बाजूला ठेवून रांग लावली. हरणाबाईनं बघितलं, डोळा बाजूला घेतला, आणि चंद्राबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "ह्यात शनी दिसतो का रं?"

"दिसंल. पण बारका. जोंधळ्याच्या दाण्यायेवढा."

"त्येचं तोंड दिसंल का?"

रांगेत मागं उभा असलेला भाऊसो पुढं आला. "म्हातारे, शनीला समोरनं बघत न्हाईत. देवळात जाताना आपुन बाजूला हुतो, का न्हाई? त्येची नजर पडली की संपलं."

"पडली की," हरणाबाई म्हणाली. "त्येची पडायची ती पडलीया भाऊसो. आता माजी पडू दे त्येच्यावर. मला त्येला तोंडावर इचारायचं हाय, बाबा, तुजं बूड हलणार कवा?"

कुणी हसलं नाही. पूर्वेला तेव्हा शनी वर येत होता आणि त्याला लागूनच तांबडा मंगळ. दोघं एका घरात. ते बघून अर्धी रांग तशीच घरी गेली.

बनुबाई जाता जाता जोतीरामपाशी थांबली. "भावजी, दाखवा त्यास्नी कायतरी. एकदा बघितलं तर खातील दोन घास. हाडं वाजाय लागल्यात वो, रातचं कूस बदलल्या तर मला ऐकू येतंय."

ह्यावर जोतीराम मनाशी एक हिशेब मांडून बसला. म्हातारीला शनी नीट दिसला, तो एक गोळा आहे, त्याला डोळे नाहीत, हे तिला पटलं, तर ती खाईल. खाल्लं म्हणजे जगेल. आणि आपल्याला काही बोलावं लागणार नाही.

दुर्बिणीच्या पेटीत डोळ्याकडच्या भिंगांसाठी दोन खळगे होते. पलटणीत असल्या भिंगाला आयपीस म्हणायचे. एका खळग्यात एक इंची होतं, लहान दाखवणारं. दुसरा खळगा रिकामा. त्यातलं भिंग नदीवर त्याच दिवशी फुटलं होतं, ज्या दिवशी बोटं गेली. तेव्हा नवीन भिंग हवं. सर्व्हिस मोटारीनं विटा आणि विट्यावरून सांगली, असा दिवसभर धूळ खात तो सुकुमार अण्णांच्या दुकानात पोचला. अण्णा चष्मे करून द्यायचे. मोजणीवाल्यांची मोडकी यंत्रं घेऊन त्यांची भिंगं सोडवून ठेवायचा त्यांना नाद होता.

अण्णांनी एक लाकडी खोका पुढं सरकवला. कापसात दोन भिंगं. "कशाला बघायचं?"

"शनी."

"यापूर्वी बघितलाय?"

"न्हाई."

"मग हे न्या. अर्धा इंची."

"आन ते बारकं?"

"ते पाव इंची. ह्यात उलटं असतं, नाईक," पलटणीच्या डगल्यावरच्या फिती बघून अण्णा म्हणाले. "आकडा लहान तितकं रूप मोठं."

"मग तेच द्या की."

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या दुर्बिणीचं पुढचं भिंग केवढं? दोन इंची. म्हणजे उजेड किती आत येणार? मूठभर. मूठभर पिठाची परातीएवढी भाकरी थापली तर काय होईल?"

"फाटंल."

"मग?"

"अण्णा, म्हातारीला तोंड बघायचंय. दाणा बघून तिचं समाधान व्हायचं न्हाई. मोठं ते मोठं."

"मोठं सगळ्यांनाच पाहिजे असतं. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस हेच उचलतो, आणि महिन्यानं परत आणून देतो." अण्णांनी बाहेर उन्हाकडं नजर टाकली. दिवस कलला होता. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायला घरी पोचायचं होतं. जैनाचं घर, दिवा लागल्यावर तोंडात पाणीसुद्धा नाही. "वाद घालायला आज वेळ नाही, की हो. घेऊन जा. नाही जमलं तर बदलून न्या."

आणि जोतीरामनं पाव इंची भिंग रुमालात बांधून छातीशी ठेवलं.

त्या पौषातली अमावास्या शनिवारी आली. शनी-अमावास्या. हरणाबाईला तोच दिवस पाहिजे होता. दिवेलागणीला ती खळ्यावर आली, अंगावर नवं लुगडं आणि त्यात म्हातारी कमी, लुगडंच जास्त. बनुबाई तिला धरून होती. जोतीरामनं आधी एक इंचीनं शनी हुडकला, मग ते काढून बारकं चढवलं, आणि लगेच शनी हरवला. पुन्हा हुडकला. नळीला हात लागला की तो नाहीसा व्हायचा. तिकटी वाऱ्यानं थरथरायची, आणि दुर्बिणीतली तिची थरथर शंभरपट. अर्ध्या तासानं, घाम पुसत, तो म्हणाला, "या काकी. हात लावू नगा. नुसता डोळा."

पण हरणाबाई आधी वाकली नाही. तिनं कनवटीची कुपी काढली, बोट बुडवलं, आणि जोतीराम "आवं" म्हणेपर्यंत डोळ्याकडच्या काचेवर तेलाचं बोट ओढलं. वर दोन उडीद ठेवले. ते घरंगळून खाली पडले.

"देवाकडं कोरडं कसं जायचं?" ती म्हणाली, आणि डोळा लावला.

जोतीरामनं धोतराच्या सोग्यानं काच पुसली. तेल पुसलं जाईना, पसरलं. ती पुन्हा वाकली. दुर्बिणीत एक पिवळा डाग होता, धुरकटलेल्या कंदिलासारखा, आणि तो हलत होता, पसरत होता, कडेला सरकून नाहीसा होत होता. जोतीराम नळी फिरवून त्याला परत आणायचा. तो परत जायचा.

"त्यो तोंड फिरवतोय," हरणाबाई म्हणाली.

"न्हाई काकी, तसं न्हाई, ही पृथ्वी फिरती म्हणून…"

"मी बघितलं की त्यो तोंड फिरवतोय. चारदा बघितलं, चारदा फिरवलं." ती सरळ झाली. आवाजात राग नव्हता. "म्हंजे त्येच्याच हातात हाय आका. न्हाईतर मला का चुकवंल? चोर असला म्हंजे माणूस नजर चुकवतोच."

"त्यास्नी नीट दिसलं न्हाई," बनुबाई हळूच म्हणाली.

"नीट दिसलं. बनू, उद्यापासनं शेंगदाणं नगं. नुसतं दूध."

जोतीरामनं दुर्बीण तिकटीवरून उतरवली. भाऊसो खळ्याच्या कडेला घोंगडी पांघरून बसला होता. तो म्हणाला, "जोत्या, तू तिला खायला घालाय निघालास आन हुतं ते ताटबी काढून घेतलंस."

पंधरा दिवस जोतीराम सांगलीला गेला नाही. शाळूची काढणी आहे म्हणाला. शाळू त्या वर्षी काढायला होताच किती. खरं तर त्याला ते भिंग हातात घ्यावंसं वाटत नव्हतं, आणि का ते त्याला सांगता येत नव्हतं. शेवटी एका सकाळी बनुबाई घागर तशीच वाटेवर टेकवून त्याच्या अंगणात आली.

"भावजी, काल चुलीपुढं पडल्या. शुद्ध आली तवा मला म्हणल्या, आका आला की सांग, मी लय वाट बघितली. आता तुमीच सांगा मी काय करू? त्यास्नी दूध पाजू, का हेंची वाट बघू?"

मनुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "आवं, जावा की. एवढं काय हाय सांगलीत?"

तो गेला.

अण्णांनी भिंग नाकाशी धरलं. "करडईचं तेल? ह्याला कुणी फोडणी दिली?"

जोतीरामनं सांगितलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी भिंग सोडवलं, राखेच्या पाण्यानं धुतलं, मऊ फडक्यानं पुसलं, पुन्हा बसवलं. मग म्हणाले, "आज सकाळ आहे, वेळ आहे. दुर्बीण आणलीय ना? चला घाटावर. तेल नसतं तरी हे तुमच्या कामाचं नव्हतं. ते तुम्हाला पटल्याशिवाय तुम्ही दुसरं नेणार नाही."

कृष्णेच्या घाटावर, पायरीवर पोतं ठेवून त्यावर अण्णांनी दुर्बीण टेकवली आणि पलीकडच्या काठावर रोखली. पाव इंची लावलेलंच होतं. "बघा. काय दिसतं?"

"खोपाट. त्येचं दार. दाराची कडी दिसती अण्णा."

"छान. दारात कुणी आहे?"

"न्हाई. रिकामं हाय."

"खात्री?"

"कडी दिसती म्हणल्यावर माणूस न्हाई दिसायचा?"

अण्णांनी नळी न हलवता भिंग बदललं. अर्धा इंची. "आता."

जोतीरामनं डोळा लावला. खोपट लहान झालं होतं, पण उजळ. दार रिकामंच होतं. आणि दारापासून हातभर अंतरावर, कुडाला पाठ लावून, एक माणूस बिडी ओढत बसला होता.

"ह्यो कवा आला?"

"तो मघापासून तिथंच आहे," अण्णा म्हणाले. "तुमच्या भिंगात तो मावत नव्हता. मोठं दिसतं, नाईक, पण थोडं दिसतं. एवढीच गोष्ट आहे."

जोतीरामनं डोळा काढला नाही. बिडीवाला बिडी ओढत होता. नदी वाहत होती. अण्णा पुढं काही सांगत होते, की शनी डोक्यावर आल्यावर बघा, खालच्या हवेला उकळी असते. तिकटी नको, काहीतरी जड पाहा. आधी एक इंचीनं हुडकायचं, त्यात आभाळ जास्त मावतं, मग अर्धा इंची, त्यापुढं जायचंच नाही. जोतीरामला ते ऐकू येत होतं, पण पाण्याखालून ऐकू यावं तसं.

इटलीतल्या त्या शाळेतही दोन भिंगं होती. एक इंची, आणि एक बारकं. पलीकडच्या काठावर पडकं घर होतं, घराला खिडकी होती. साहेबानं विचारलं, खिडकीत कोण? आणि जोतीरामनं, नीट दिसावं म्हणून, मोठं दिसावं म्हणून, बारकं लावलं होतं. खिडकीच्या लाकडातला खिळा दिसला होता त्याला. त्यानं सांगितलं होतं, रिकामं हाय.

इतके दिवस तो स्वतःला म्हणत आला होता, दैव. घटका भरली होती. जोश्याचा शनी त्याला पटत नव्हता, तरी रात्री कूस बदलताना तोही त्याच शनीच्या आडोशाला झोपत होता.

"अण्णा," तो म्हणाला, "हे आदी सांगितलं असतंसा तर."

"सांगितलं होतं की हो. भाकरीचं."

"न्हाई. लय आदी." अण्णांना ते कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच.

फाल्गुन लागला. सूर्य बुडून तांबडं निवलं, की शनी आता थेट डोक्यावर असायचा. जोतीरामनं तिकटी मोडून टाकली. त्यानं बैलगाडी खळ्यावर ओढून मागं कलंडवली, मागच्या अंगाला धोंडे भरले, आणि दांडी आभाळाकडं उभी झाली तिला सोलानं, म्हणजे जाड दोरानं, दुर्बीण आवळली. खाली घोंगडं अंथरलं. हरणाबाईला त्यानं स्वतः उचलून आणलं. मेंढीच्या कोकराचं वजन. बनुबाई दुधाची वाटी घेऊन मागं.

"तेल न्हाई आणलं," म्हातारी म्हणाली. "बनूनं घेऊ दिलं न्हाई."

"निजा काकी. वर बघा. हात छातीवर."

तिनं डोळा लावला. खळ्यावर तिघंच होते. कुठंतरी मेंढरं बसताना होतो तेवढाच आवाज.

"दिसला?"

"थांब." मग म्हणाली, "रं, ह्याला कडं हाय."

"व्हय."

"गोळा हाय आन भवतीनं कडं. कुठंच टेकलं न्हाई. अधांतरी."

"व्हय काकी."

"डोळं न्हाईत ह्याला." ती बघत राहिली. "तोंडबी न्हाई. लय देखणा हाय, पर तोंड न्हाई. किती लांब असंल?"

"तोफेचा गोळा सोडला, तर आज जल्मलेलं प्वार म्हातारं हुईल तवा पोचंल."

"एवढ्या लांबनं," हरणाबाई म्हणाली, आणि थांबली. श्वास पुरत नव्हता तिला. "एवढ्या लांबनं ह्याला आका कसा दिसला असंल रं? बिनडोळ्याला?"

जोतीरामनं बनुबाईकडं बघितलं. ती वाटी दोन्ही हातांत धरून उभी होती. उजेड फार नव्हता, पण कुंकू दिसत होतं. आता गप्प बसलं तर चालणार होतं. म्हातारी शनीला सोडत होती. उद्या कदाचित शेंगदाणे खाल्ले असते, परवा भाकरी. आणि मग उन्हाळा आला असता, शनी हलला असता, आणि दोघी दारात बसून राहिल्या असत्या, ह्या वर्षी, पुढच्या वर्षी.

"न्हाई दिसला त्येला, काकी," तो म्हणाला.

"मग कुणाला दिसला?"

"मला."

म्हातारीनं डोळा काढला नाही. बनुबाईनं वाटी खाली ठेवली.

त्यानं सांगितलं. शाळा, खिडकी, बारकं भिंग. "खिडकी रिकामीच हुती, काकी. खिडकीच्या बाजूला गवताची गंजी हुती, ती माज्या भिंगात मावली न्हाई. मशीनगन गंजीत हुती. मी म्हणलं, रिकामं हाय. आका सगळ्यांच्या आदी उतरला पाण्यात. मागं वळून बाकीच्यांस्नी म्हणला, जोत्यानं बघितलंय न्हवं? मग चला की."

"मग?"

"कमरेएवढ्या पाण्यात हुता. गोळ्या लागल्या. पडला."

"उठला न्हाई?"

"न्हाई. मी बघत हुतो. वाहून दिसंनासा झाला तवर बघितलं. मग त्येच बंदुकीनं आमची खिडकी फोडली."

हरणाबाई तशीच पडून होती, डोळा भिंगाला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "निसटला. आता नुसतं काळं हाय." जोतीरामनं शनी परत आणायला हात उचलला. "राहू दे," ती म्हणाली.

बनुबाई बोलली, ती अगदी सावकाश. "भावजी, दिवाळीपासनं तुमी रोज आमच्या दारावरनं गेलासा. रोज. मी उंबऱ्यात बसून कुकू लावत असायची. तुमी म्हणायचा, काय चाललंय वयनी."

जोतीरामपाशी त्याचं ते वाक्य आता उरलं नव्हतं.

बनुबाईनं सासूला उठवलं. त्याला हात लावू दिला नाही. दोघी गेल्या. थोड्या वेळानं त्यांच्या छपरातून धूर निघायचा थांबला. बनुबाईनं चुलीत पाणी ओतलं होतं. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. पहिला घास, कडू घास, बाहेरून यावा लागतो. मग त्या घरातून रडणं ऐकू आलं. एकीचंच. बनुबाईचं.

रडणं मनुबाईनंही ऐकलं होतं. तिनं भाकरी थापल्या, बेसन टाकलं, आणि पाटी उचलली तेव्हा जोतीराम म्हणाला, "दे हिकडं. मी नेतो."

"तुमी? बायकांचं काम हाय."

"दे."

भिंतीला टेकून हरणाबाई बसली होती. भाऊसो दारात होता, शेजारच्या दोघीतिघी. बनुबाई आतल्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून. तिचं कपाळ दिसत नव्हतं. जोतीरामनं पाटी खाली ठेवली आणि मागं सरला. शेजारीण घास मोडायला पुढं झाली.

"तू नगं," हरणाबाई म्हणाली. "त्येला भरवू दे."

"म्हातारे," भाऊसो म्हणाला, "कशाला आता…"

"बातमी ज्यानं आणली त्येनंच घास द्यायचा. एक वरीस उशिरा आणली, म्हणून काय दुसऱ्यानं द्यायचा?"

जोतीराम तिच्यापुढं बसला. तीन बोटांच्या हातात भाकरी धरून उजव्या हातानं घास मोडला. तिनं तोंड उघडलं. दात होते ते हलत होते. एक घास चावायला तिला फार वेळ लागला. ती त्याच्याकडं बघत नव्हती. त्याच्या हाताकडं बघत होती, जिथं बोटं नव्हती तिथं.

"दुसरा," ती म्हणाली.

तिनं पाऊण भाकरी खाल्ली. बनुबाईनं त्याच्या हातचं घेतलं नाही, त्या रात्री नाही आणि नंतरही नाही. तेराव्यानंतर तिचे भाऊ कवठे महांकाळहून येऊन तिला घेऊन गेले. जाताना ती जोतीरामच्या दारावरूनच गेली. तो उभा होता, पण तिनं मान वळवली नाही.

हरणाबाईचं रान मग जोतीरामच नांगरायचा. तिनं कधी बोलावलं नाही, कधी नको म्हटलं नाही. पाव इंची भिंग अण्णांकडं गेलं, अर्धा इंची पेटीतल्या खळग्यात बसलं. कुणी फारच हट्ट धरला तर तो दुर्बीण बाहेर काढायचा, पण आधी एक इंची लावायचा आणि म्हणायचा, "घाई करू नगा. आदी आजूबाजूला काय हाय ते बघा." लोक हसायचे.

म्हातारी आणखी तीन वर्षं जगली. दोन वेळा जेवायची. शनी मिथुनेतून कधी हलला, हे तिनं कुणाला विचारलं नाही.